तंबूला पहारा, पालावर धाड

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या श्रमसंस्कार शिबिराला गेले होते. एका खेड्यात सात दिवसांचा मुक्काम. मुलींची सोय जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गांत, मुलांसाठी मैदानात राहुट्या. निघण्याआधी सरांनी सूचना दिल्या होत्या. दागिने घालून येऊ नका. जास्तीचे पैसे मॅडमकडे जमा करा. बॅगेला कुलूप लावा. रात्री दोघादोघांनी पाळीने जागा. सूचना चांगल्याच होत्या. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचा मोबाइल आणि पाकिटातले आठशे रुपये गेले.

ओढ्यापलीकडे वैदूंची पाच-सहा पालं होती. आदल्या दिवशी त्यांच्यातल्या बायका सुया, मणी, पोती विकायला शाळेपाशी येऊन गेल्या होत्या. चोरी झाल्याचं कळलं आणि आमच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "काल त्या बायका आल्या होत्या ना?"

ते म्हणणारी मी होते.

अर्ध्या तासात गावातले आठ-दहा तरुण, पोलीस पाटील आणि आमचे सर ओढ्यापलीकडे पोचले. मागोमाग आम्हीही गेलो. पत्र्याची पेटी उपडी झाली, गाठोडी सुटली, शेळीपुढचं गवतसुद्धा विस्कटलं गेलं. मोबाइल मिळाला नाही. एका डब्यातून चांदीचे वाळे निघाले. "पावती कुठंय?" एकाने विचारलं. म्हातारी म्हणाली, "सुनेच्या लग्नातलं हाय बाबा, त्याची पावती कुठली?" वाळे 'चौकशीसाठी' नेले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पालं उठून गेलेली होती. मोबाइल शेवटपर्यंत मिळाला नाही. वाळे परत गेले की नाही, हे मी कुणाला विचारलंच नाही.

मी बौद्ध वस्तीतली मुलगी. माझे पणजोबा गावचे येसकर. घरात रोज त्रिसरण-पंचशील. पालात राहणाऱ्या माणसांशी माझं वैर नव्हतं, ओळखही नव्हती. मग ते वाक्य माझ्या तोंडी आलं कुठून? पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना आणि त्यानंतर पालांवर काम करताना या प्रश्नाचं उत्तर मी शोधत राहिले. उत्तर माझ्या स्वभावात नव्हतं, इतिहासात होतं. तो इतिहास आपल्याच लोकांना सांगणं गरजेचं वाटतं, म्हणून हा लेख.

वेशीबाहेरचे दोघे

चोरीची भीती ज्याच्याकडे साठवलेलं काही असतं त्याला असते. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम शोधताना इथूनच सुरुवात केली. शेती करून एका जागी स्थिरावलेल्या टोळ्यांकडे धान्य होतं, गुरं होती. ज्या टोळ्या अजून भटकत होत्या त्या या साठ्यावर हल्ले करत. स्थिरावलेल्यांना राखणदार हवे होते. दुसरीकडे लढायांत पराभूत होऊन फुटलेल्या टोळ्यांची माणसं आसऱ्याला आणि अन्नाला मोताद होती. दोघांमध्ये करार झाला : तुम्ही आमची राखण करा, आम्ही तुम्हाला खायला देऊ. पण ही माणसं आपल्या रक्ताची नाहीत म्हणून त्यांनी गावाच्या आत राहायचं नाही. पुढे या माणसांच्या बौद्ध असण्याने आणि गोमांस खाण्याने त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, अशी ती मांडणी आहे.

या सिद्धान्तावर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते व्हायलाही हवेत. पण त्यातली एक गोष्ट महाराष्ट्राच्या गावगाड्यात उघड दिसते. गावाचा माल राखणारा आणि गावाचा माल चोरेल अशी ज्याची भीती, ते दोघेही गावकुसाबाहेरचे. एकाला वेशीशी बांधून ठेवलं, दुसऱ्याला वेशीपासून हाकललं.

पेशवाई संपल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. गावात चोरी झाली की काय होतं, हे त्यात सापडतं. चोराचा माग काढायची जबाबदारी गावच्या राखणदाराची. पावलांचे ठसे पाहत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई आणि माग त्या गावाच्या हवाली करी. मग पुढचं त्या गावाने पाहायचं. माग लागला नाही, तर गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराकडून मागितली जाई. हे राखणदार कोण? महार, मांग, रामोशी, भिल्ल. ज्याच्या घरात चोरण्यासारखं काही नाही, त्याने दुसऱ्याच्या चोरीची भरपाई द्यायची.

रामोशांची गोष्ट तर फारच बोलकी आहे. पुरंदर आणि आसपासच्या किल्ल्यांच्या रखवालीवर त्यांचं पोट होतं. रखवालीचे हक्क आणि वतनं गेली, तेव्हा उमाजी नाईकांनी बंड केलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इंग्रजांनी त्यांना पुण्यात फाशी दिली. याच इंग्रजांची कुटुंबं पुढे आपल्या बंगल्यांवर रामोशी पहारेकरी ठेवत होती. अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. त्यात रामोशांची नोंद चोरटी जात अशी आहे आणि त्याच नोंदीत ते चौकीदार म्हणून ठेवले जातात, हेही लिहिलेलं आहे. पहाऱ्याला ठेवला तर इमानी, कामावरून काढला तर चोर. माणूस तोच.

साहेबाचा तंबू

इंग्रजी अमलात पावसाळा संपला की कलेक्टर, असिस्टंट कलेक्टर आणि बाकीचे अंमलदार दौऱ्यावर निघत. महिनोन्महिने त्यांचा मुक्काम तंबूत असे. सोबत खुर्च्या-मेजं, कागदपत्रांच्या पेट्या, बंदुका, भांडीकुंडी, घोडे. एवढा जामानिमा उघड्या माळावर सुरक्षित कसा राहायचा? त्यासाठी गावचे वतनदार महार होते. तंबू ठोकायला, गवत-लाकूड आणायला, सामान पुढच्या मुक्कामाला पोचवायला आणि रात्रभर पहारा द्यायला त्यांनाच बोलावलं जाई. आमच्या घरात पणजोबांची एक आठवण सांगतात. साहेबाचा मुक्काम गावच्या आमराईत असला की ते रात्री घरी नसत. थंडीत घोंगडी पांघरून तंबूच्या दोऱ्यांपाशी बसलेले असत.

१८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी कायद्यात पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांनी नेमका यावरच हल्ला केला. महाराला चोवीस तास सरकारी कामाला बांधलेलं आहे, तो हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून नेलं जातं आणि मोबदला म्हणून मिळतं ते इनाम जमिनीचं तुकडं आणि गावाच्या मर्जीवरचं बलुतं. ते विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. महार वतन कायद्याने संपलं ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

म्हणजे उघड्या माळावरही माल सुरक्षित राहू शकतो. त्यासाठी फक्त दुसऱ्या कुणालातरी रात्रभर फुकट जागवावं लागतं. एकाच शिवारात, एकाच हिवाळ्यात, दोन तऱ्हेचे कापडी निवारे उभे असत. साहेबाच्या तंबूला पहारा होता. ओढ्याकाठच्या पालावर पाळत होती.

पाल हाच पुरावा

ती पाळत कायदा म्हणून आली १८७१ साली. 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट', म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी मंजूर झाला. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. या कायद्यामागचा युक्तिवाद आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो विलायतेतून आलेला नव्हता. हिंदुस्थानात धंदे जातीने ठरतात. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर. तशाच काही जाती पिढीजात गुन्हेगार असणार, असा तो युक्तिवाद होता. इंग्रजाने इथे नवीन काही शोधलं नाही. मनुस्मृतीचं तर्कशास्त्र उचललं आणि त्याला पोलीस ठाणं जोडलं. जन्मावरून धंदा ठरवणाऱ्या व्यवस्थेतच जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा इतका सहज रुजू शकतो.

कायद्याची रचना अशी. एखादी टोळी किंवा जमात सराईतपणे गंभीर गुन्हे करते असं सरकारला वाटलं, तर सरकारने तसं जाहीर करायचं. त्या जाहीरनाम्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. मग त्या जमातीच्या माणसांची नोंदणी, ठाण्यावर हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. परवान्याशिवाय सापडला तर शिक्षा. चोरी सिद्ध व्हायची गरजच नाही. फिरणं हाच गुन्हा. आधी उत्तर हिंदुस्थानात, १८७६ मध्ये बंगालात आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यासह देशभर ही तरतूद लागू करता आली. बोटांचे ठसे घेणं आलं. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९२४ च्या कायद्याने हे सगळं एकत्र केलं. ठरावीक गुन्ह्यांत नोंदलेल्या माणसाला दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप-काळ्या पाण्याची तरतूद त्यात होती.

आता आपल्याशी संबंधित कलम. आपल्या हद्दीत अशा जमातीची माणसं आली, गेली किंवा हजेरीला चुकली, तर ती खबर ताबडतोब ठाण्यावर पोचवण्याचं कर्तव्य या कायद्याने गावच्या पाटलावर आणि गावच्या राखणदारावर टाकलं होतं. गावचा राखणदार म्हणजे कोण, हे वर आलंच आहे. येसकराने वेशीवर उभं राहून पालं मोजायची आणि ठाण्यावर जाऊन सांगायचं. गावकुसाबाहेरच्या एका माणसाला गावकुसाबाहेरच्या दुसऱ्या माणसावर पाळतीला बसवलं. माझ्या पणजोबांनी अशी खबर कधी दिली असेल का, मला माहीत नाही. पण शिबिरात माझ्या तोंडून निघालेलं वाक्य त्या कलमातलंच होतं, एवढं मला कळलं.

चोरी कुणी कुणाची केली?

कायदा होण्याआधी ही माणसं काय करत होती, हे विचारायला हवं. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवरून धान्य आणि मीठ वाहत होते. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे बंजारेच होते. कैकाडी गाढवांवरून मीठ-धान्याचा व्यापार करत, टोपल्या-कणग्या विणत. पारधी शिकार करत आणि रानातला जिन्नस विकत. वडार दगड-माती फोडत फिरत. रस्ता नसलेल्या गावांना बाजार घरपोच देणारी ही माणसं होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या काही दशकांत लोहमार्गांनी बैल-गाढवांचा व्यापार मोडला. मिठावर सरकारचा ताबा आणि कर बसला. १८७८ च्या वन कायद्याने चराई, लाकूड आणि शिकार सरकारच्या मर्जीवर गेली. ज्याचा रस्ता गेला, मीठ गेलं, रान गेलं, त्याच्या हाती उरलं काय? आणि नेमका याच काळात त्याला चोर ठरवणारा कायदा आला. याला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

यांच्यात कुणीच चोरी केली नाही, असा माझा दावा नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात काही लपवलेलं नाही. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यातल्या खरेपणामुळेच. भुकेने चोरी होते. पण भूक कुणी तयार केली, हा प्रश्न फिर्यादीत लिहिला जात नाही.

तथागतांनी तो लिहिला होता. दीघनिकायातल्या चक्कवत्ति सीहनाद सुत्तात एका राज्याची गोष्ट आहे. राजा बाकी सगळं नीट करतो, पण गरिबांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढतं आणि दारिद्र्यातून चोरी. राजा आधी एका चोराला पैसे देऊन सोडतो. ते पाहून आणखी लोक चोरी करतात, तेव्हा तो शिरच्छेदाचा हुकूम देतो. मग लोकही शस्त्रं उचलतात. मारणं वाढतं, खोटं वाढतं, माणसाचं आयुष्य घटत जातं. चोरीचा उगम जातीत नाही, जन्मातही नाही. धनाच्या वाटपात आहे. ही मांडणी अडीच हजार वर्षांपूर्वीची परंपरा सांगते आणि १८७१ चा कायदा करणाऱ्यांना ती सुचत नाही.

सोलापूरचं कुंपण

मुंबई इलाख्यात या कायद्याखाली वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना सेटलमेंट म्हणतात. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी कैकाडी, पारधी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींना कुंपणाआड ठेवलं गेलं. सोलापुरात गिरण्या होत्या, गिरण्यांना मजूर हवे होते. सुधारणा हे नाव आणि बांधील मजूर हे काम. आजही सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचं नाव म्हणून चालतं, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हजेरी आणि तारेचं कुंपण येतंच.

या वसाहतींचा कारभार पाहणारे आय.सी.एस. अधिकारी होते ओ. एच. बी. स्टार्ट. हे नाव आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९२९ मध्ये याच समितीच्या कामासाठी खानदेशात गेलेले असताना चाळीसगावला बाबासाहेबांचा टांग्याचा अपघात झाला. स्पृश्य टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता, म्हणून टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्या माणसाने तो हाकला होता. समितीचा अहवाल १९३० साली आला आणि पुढच्या सवलतींच्या वर्गवारीचा पाया त्यात घातला गेला.

बाबासाहेबांनी या जमातींचा विचार नंतरही सोडला नाही. 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत त्यांनी तीन समूह एकत्र मांडले आहेत : गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य. त्यांचं म्हणणं असं की हे तीन समूह ज्या संस्कृतीत निर्माण झाले, तिला संस्कृती कसं म्हणायचं? त्या काळच्या सरकारी भाषेतला 'गुन्हेगार जमाती' हा शब्द तिथे आहे. आज आपण तो वापरणार नाही. पण आरोपी कोण, याबद्दल बाबासाहेबांचा गोंधळ नव्हता. त्यांनी जमातींना पिंजऱ्यात उभं केलं नाही, संस्कृतीला केलं.

पावती नसलेला माल

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून विमुक्त आपला दिवस ३१ ऑगस्टला पाळतात. पण पाळत संपली नाही. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर जमातीऐवजी व्यक्ती आली, ठाण्यावर मात्र जुनी यादीच डोक्यात राहिली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा पोलीस अत्याचारानंतर कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर संघटना उभी केली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात सोलापूर भागातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार केलं. त्यांच्याजवळ चोरीचं काही नव्हतं. त्यांच्याकडे गाव नव्हतं, एवढंच जमावाला पुरलं.

आणि कायदा त्यांच्या बाजूने किती उभा राहतो? १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. विमुक्त-भटक्यांतल्या अनेक जमाती त्या याद्यांत नाहीत. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जिल्ह्याची हद्द ओलांडली की माणूस तोच, संरक्षण वेगळं. ज्याचं आयुष्यच हद्दी ओलांडण्यात जातं, त्याच्यासाठी ही वर्गवारी केवढी क्रूर आहे.

पालावर काम करताना मी एक प्रश्न सगळीकडे विचारते : तुमचं काय काय चोरीला जातं? आधी लोक हसतात. असं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग सांगू लागतात. शेळी जाते, कोंबड्या जातात. भिंत नाही, दार नाही, कुलूप लावायचं तर कशाला? म्हणून सगळी बिऱ्हाडं कामाला गेली तरी एक म्हातारं माणूस पालावर राहतं. कुत्री पाळली जातात ती हौसेने नाही. पैसे कनवटीला किंवा पोलक्यात, दागिने अंगावर किंवा चुलीशेजारच्या मातीत. बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी. हीच त्यांची तिजोरी.

पण सगळ्यात मोठी भीती भुरट्या चोराची नाही. ती धाडीची आहे. धाड पडली की पेटीतली चांदी 'संशयित माल' होते, कारण पावती नाही. कागद विस्कटतात, भिजतात, हरवतात. कागद गेला की दाखला गेला, दाखला गेला की पोराची शाळा आणि सवलत गेली. चोरीची फिर्याद द्यायला जावं, तर ठाण्यात आधी त्यालाच बसवून ठेवतात. शिबिरात मोबाइल गेलेल्या मुलाची तक्रार दहा मिनिटांत ऐकली गेली. वाळे गेलेल्या म्हातारीची तक्रार ऐकायला आज इतक्या वर्षांनी एकटी मीच आहे, आणि तेव्हा मी समोरच्या बाजूला उभी होते.

आपण कोणत्या बाजूला?

कायद्यात काही सोयी आहेत आणि त्या कार्यकर्त्यांनी पाठ करायला हव्यात. गावातल्या तरुणांना कुणाचंही पाल झडण्याचा अधिकार नाही. पोलिसांनी झडती घेतली तरी दोन पंच लागतात, जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करावी लागते आणि तिची प्रत राहणाऱ्याला द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरणही सांगितलं आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते. घरातल्या चांदीची पावती नसणं हा गुन्हा नाही. माल चोरीचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतले जातिभेद घटनाबाह्य ठरवले, तेव्हा विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं. हे सगळं कागदावर आहे. पालापर्यंत ते कुणी नेत नाही, म्हणून आपण न्यायचं.

पण त्याआधी आपल्या वस्तीतलं बोलू. नवी पालं पडली की आपल्याही आयाबाया पोरांना घरात घेतात. वस्तीत चोरी झाली की आपलाही पहिला हात ओढ्याकडे जातो. २७ मे २००७ रोजी लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. त्यानंतर आपल्या किती विहारांत त्यांच्यासाठी चटई टाकली गेली, हे प्रत्येकाने आपापल्या गावापुरतं मोजावं. पंचशीलातलं दुसरं शील न दिलेलं न घेण्याचं आहे. पावती नाही म्हणून उचललेले वाळे हेसुद्धा न दिलेलंच घेणं आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. ते, त्यांचे भाऊ आणि भाचे अशी मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली होती. मसूर स्टेशनवर महार म्हटल्यावर गाडी मिळेना. कशीबशी बैलगाडी मिळाली, ती दुप्पट भाड्याने आणि स्वतः हाकायच्या अटीवर. रात्र झाली. नाक्यापाशी मुक्काम पडला. नाकेदाराने पाणी दिलं नाही. अंधारात, अनोळखी जागी, सामानासह पोरं भेदरलेली. मोठ्या भावाने सुचवलं की दोघांनी झोपायचं आणि दोघांनी जागायचं. त्या रात्री त्यांचं काही चोरीला गेलं नाही. जे नाकारलं गेलं ते पाणी होतं.

उघड्यावर मुक्काम, सामान उशाशी, ठोठवायला एकही दार नाही आणि डोळ्याला डोळा न लागता दोघादोघांनी काढलेली रात्र. आपल्या बापाने ही रात्र वयाच्या दहाव्या वर्षी काढली आहे. पालावर ती रोज असते. म्हणून यापुढे तुमच्या गावाच्या ओढ्यापलीकडे पालं पडली, तर तिकडे जा. पाणी आहे का विचारा. कागद भिजू नयेत म्हणून एक घट्ट झाकणाचा डबा द्या, दाखल्यांच्या प्रती काढून आपल्या विहाराच्या कपाटात ठेवा. आणि गावात काही हरवलं तर पहिलं वाक्य बोलण्याआधी थांबा. ते मी एकदा बोलले आहे. त्याची किंमत एका म्हातारीने चुकवली.

जय भीम.